सलोतऱ्याचे मासे

आमच्या भोईवाड्यात वामनराव सलोतऱ्याचं नाव अजूनही कुणी सरळ घेत नाही. घेतलंच तर आधी थुंकतात, मग घेतात. जी पोरं त्यांना बघायलासुद्धा जन्मली नव्हती, तीही थुंकतात. काहून, ते त्यांना ठाऊक नाही. मी थुंकत नाही. माझी सत्तरी उलटली, माय जाऊन जमाना झाला, म्हणून जे पोटात ठेवलं होतं ते आता सांगून टाकतो. ऐकल्यावर माझ्या नावानं थुंकायचं असेल तर खुशाल थुंका.

सलोतरी म्हणजे गुरांचा डॉक्टर. निजामाच्या राज्यात त्याला हाच शब्द होता. आखाडा बाळापूरला जनावरांचा सरकारी दवाखाना होता. दवाखाना कसला, दोन खोल्या, पुढं एक लिंब आणि लिंबाखाली जनावर उभं करायचा लाकडी खोडा. तिथं हे वामनराव वसमतकडून बदलून आले. चाळिशीचा माणूस, अंगानं काटकुळा, डोक्याला काळी टोपी, आणि उन्हाळा असो की पावसाळा, अंगात तो एक लांब मळका कोट. कोटाच्या दोन्ही खिशांत चिंचोके.

चिंचोके खायला नव्हते. मोजायला होते. रस्त्यानं चालताना झाडावर बगळे दिसले की डाव्या खिशातला एकेक चिंचोका उजव्या खिशात जायचा. माळावर हरणांचा कळप दिसला की बैलगाडी थांबवायचे, चिंचोके सरकवायचे, मग गाडीवाल्याला म्हणायचे, "चल. मागच्या महिन्यापेक्षा सहा कमी आहेत." गाडीवाला कपाळाला हात लावायचा. चालताना खिसे खुळखुळायचे, त्यामुळं सलोतरी येऊन राहिले हे आंधळ्यालाही कळायचं.

आणि त्यांच्या तोंडी एक प्रश्न होता. त्या प्रश्नानं त्यांनी अख्ख्या बाळापूरला पिडलं होतं.

एकदा एक धनगर रडत आला. "साहेब, लांडग्यानं लई मेंढरं नेली हो."

"लई म्हणजे किती?"

"लई म्हंजे... लई. मी बुडालो की!"

"बुडालास ते कळलं. किती?"

धनगर चिडला. वामनराव चिडले नाहीत. त्याला खोड्याच्या आडव्या लाकडावर बसवलं, बिडी दिली, आणि एकेका मेंढीची आठवण काढायला लावली. कोणती, कुठं, कशी गेली, अंगावर दाताची खूण होती का. तासाभरानं हिशोब निघाला. लांडग्यानं नेली होती चार. अकरा तोंडाला फेस येऊन मेली होती. "अरे शहाण्या," वामनराव म्हणाले, "लांडग्याच्या नावावर तू रोग खपवून राहिलास!" दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन त्याच्या वाड्यावर गेले आणि उरलेल्या सगळ्या कळपाला सुया टोचून आले. लांडगा मारायला गावानं बंदुकवाला बोलावला होता, त्यालाही परत धाडला. चार मेंढ्यांसाठी लांडगा मारला तर उद्या हरणं अन् ससे तुमच्या ज्वारीत येऊन बसतील, असं त्यांचं म्हणणं. गाव हसलं. पण त्या धनगराचा कळप वाचला हे गावानं पाहिलं.

आमची वस्ती तिथून कोसभर, कयाधूच्या काठाला. वीस घरं भोयांची. नदी उन्हाळ्यात दोरीएवढी होते, पण आमच्या वस्तीखाली एक मोठा डोह आहे, तो आटत नाही. त्या डोहावर वीस घरं जगायची. राहू, मरळ, वाम मिळायची. पण खरा आधार राहूचा. डोह सरकारचा, तहसिलीत त्याचा दर साली लिलाव व्हायचा, ज्याला सुटेल तो गुत्तेदार. आमी त्याच्यासाठी मासे धरायचे आणि आमचा हिस्सा माशातच घ्यायचा. गुत्तेदाराला डोह एका सालापुरता, आमाला जन्माचा. तो म्हणायचा काढा, काढा. आणि मासा होऊन राहिला होता कमी.

माझी माय, गोदाबाई, वस्तीत तिचा शब्द चालायचा. बाप्ये जाळं टाकायचे, पण कुणी कुठं टाकायचं ते माय ठरवायची. ती एकदा शेळी घेऊन दवाखान्यात गेली. मी संगं होतो. मी तेव्हा तिशीला टेकलेला, एका लेकीचा बाप, आणि वस्तीत चार बुकं शिकलेला एकटाच. माय बोलता बोलता म्हणाली, "काय सांगू सलोतरी, पयले डोहात लई मासे होते. आता न्हाईत."

झालं! "लई म्हणजे किती, गोदामाय?"

माय कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. "मंग तुमीच मोजा की! उतरा पाण्यात, एकेकाला हाक मारा, म्हना हजर हायेस का!"

सगळे हसले. वामनराव हसले नाहीत. शेळीच्या पाठीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. शेळीला औषध द्यायचं विसरलेच, ते मला आठवण करून द्यावं लागलं.

आठ दिवसांनी ते वस्तीवर आले. अंगणात माय सुपात ज्वारी निवडत बसली होती. वामनरावांनी तिच्याकडून दोन मुठी ज्वारी मागून घेतली. त्यातले शंभर दाणे मोजून वेगळे काढले, हळदीच्या पाण्यात पिवळे केले, उन्हात वाळवले, आणि परत त्या ज्वारीत टाकून चांगले कालवले. तोवर अख्खी वस्ती गोळा झाली होती. मग डोळे मिटून त्यांनी चिमटी चिमटीनं साठ दाणे बाहेर काढले. त्यात तीन पिवळे.

"साठात तीन. म्हणजे विसात एक," ते म्हणाले. "पिवळे मी टाकले शंभर. तर सगळे मिळून किती? शंभर विसा. दोन हजार. आता मोजा."

बायांनी मोजले. दुपार गेली त्यात. एकोणीसशे आणि वर काही दाणे निघाले.

माय म्हणाली, "करणी हाय का काय ही?"

"करणी नाही गोदामाय. शेळीचा कान कातरता ना तुम्ही, आपली ओळखू यावी म्हणून? तसं माशाचं करायचं. दोनशे राहू धरायचे, पर कातरायचा, सोडून द्यायचे. पंधरा दिवसांनी पुन्हा जाळं टाकायचं. कातरलेला कितीत एक येतो ते बघायचं. बस्स."

"ज्वारी गप पडून ऱ्हाती," माय म्हणाली. "मासा न्हाई."

पण तिनं होकार दिला.

दिवाळी झाली, पाणी निवळलं, आणि काम सुरू झालं. हा माणूस जातीनं बामण, मासा कधी तोंडात घातला नाही. पण डोहाच्या काठाला गुडघाभर चिखलात बसून, दवाखान्यातल्या कातरीनं राहूचा डावा पर, म्हणजे पोहायचा पंख, असा अलगद कातरायचा की मासा फडफडायचासुद्धा नाही. पर मुळातून कातरला की पुरता परत येत नाही. कातरून झालं की मासा दोन्ही हातांत धरून पाण्यात थोडा वेळ तसाच ठेवायचे, त्याला दम आला की सोडायचे. म्हणायचे, "जा बाबा, पंधरा दिवसांनी भेट." घरी गेल्यावर त्यांची बायको अंगणातच दोन घागरी अंगावर ओतायची, मगच उंबरा ओलांडू द्यायची. आमच्या घरी मात्र बिनघोर चहा प्यायचे, तोही बशी चाटून. बाळापुरात त्यावर बोलणारे बोलले.

मला त्यांनी काठावर बसवलं. जाळं आलं की टोपली माझ्यापुढं. मी एकेक मासा उलटा करायचा, कातरलेला असला की ओरडायचं, "खूण!" आणि त्यांचा चिंचोका सरकायचा.

पहिल्या साली आठात एक आला. दोनशे कातरलेले, म्हणजे डोहात सोळाशे राहू. वामनराव म्हणाले, तिनात एक काढा, दोन ठेवा. आणि मृगापासून पोळ्यापर्यंत डोहात जाळं घालायचं नाही, तेव्हा मासा वितो.

हे ऐकणार कोण? पण तहसीलदारांची घोडी वामनरावांनी मरता मरता वाचवली होती. तहसीलदार त्यांना मानायचे. त्यांनी हुकूम काढला की सलोतरी जो आकडा लिहून देतील त्याच्यावर गुत्तेदारानं एक मासा काढायचा नाही. गुत्तेदार दवाखान्यात येऊन गोड बोलला, आकडा जरा वाढवा. वामनराव म्हणाले, "मासे तुमच्या सोयीनं वितात का? आकडा कुणाच्या सोयीनं बदलत नसतो." दोन दिवसांनी आमचे लोक गेले, आकडा जरा कमी लिहा, म्हणजे गुत्तेदाराला चाप बसेल. त्यांनाही तेच वाक्य, शब्दाला शब्द. आमचे लोक चिडले. मला मात्र तेव्हा तो माणूस लई आवडला. खरं सांगतो, त्या दिवशी मी मनात म्हणालो, ह्याच्यासाठी काय बी करीन. कसला करतोय!

त्या पावसाळ्यातली एक आठवण आहे. पहिलं पाणी येऊन गेलं होतं. डोहाच्या कडेला लव्हाळ्यात मरळीची पिल्लं वर आली होती, लालभडक, मुंग्यांच्या वारुळासारखी खदखदणारी. त्यांच्याखाली मरळ असते, राखण करत. अशा वेळी ती जागा सोडत नाही, म्हणून तिला धरणं सोपं. आमच्यातल्या एकानं भाला उचललाच होता. वामनराव कोटासकट पाण्यात शिरले. पोहता येत नव्हतं त्यांना! गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून ओरडून राहिले, "मार, आधी मला मार!" आमी दोघांनी बाहेर ओढून काढलं. कोटातले चिंचोके डोहात गेले सगळे. काठावर बसून, नाकातोंडातून पाणी गाळत म्हणाले, "ती एक मेली तर पोरं किती मरतील? सांग. किती?" भालेवाला म्हणाला, "लई, साहेब." आणि जीभ चावली. त्यावर मात्र ते स्वतःच हसत सुटले.

माय त्या दिवशी म्हणाली, "येडा हाय. पण आपला हाय." मायच्या तोंडून ह्याहून मोठी शाबासकी मी ऐकली नाही.

दुसऱ्या साली मोजणी झाली, आकडा थोडा वाढला. मासा दिसायला लागला. कातरलेला मासा मोजून झाला की ज्याच्या जाळ्यात आला त्याच्या घरी जायचा. वस्तीत त्यांना सलोतऱ्याचे मासे म्हणायचे. एक आमच्या घरी आला. माझ्या बायकोनं रांधला, आमी सगळ्यांनी खाल्ला. माझी कासी तेव्हा चार वर्षांची.

तिसऱ्या दिवशी कासीला ताप भरला. अंग असं तापलं की हात लावला तर चटका बसावा. डोळे वर गेले, ओळख राहिली नाही. बाळापूरचा वैद्य झाला, हकीम झाला. मायनं पोरीकडं पाहिलं आणि तिच्या मनात एक गोष्ट बसली ती बसलीच.

आमच्याकडं देवाला पोळ सोडतात. वासराच्या मांडीवर त्रिशूळ डागायचा आणि मोकळं सोडायचं. मग तो कुणाच्याही शेतात चरो, त्याला काठी लावायची नाही, जू ठेवायचं नाही. माय म्हणाली, "खूण केली अन् सोडलं, म्हंजे दिलं. डोह कुनाचा? आसरांचा. सलोतऱ्यानं मासा खूण करून आसरांना सोडला आन् आपन तो रांधून खाल्ला. पोरगं आजारी न पडंल तं काय व्हईल?"

डोहावर आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचे, सात शेंदरी दगड आहेत. माय तिथं गेली, नारळ फोडला, बोलून आली. कातरलेला मासा ह्यापुढं वस्तीत कुणी ठेवणार नाही. जाळ्यात आला तर जागच्या जागी पाण्यात. आणि तो मोजायचा नाही, बोलायचा नाही. आसरांना दिलेलं मोजत नसतात. आमच्यात खळ्यावर रास मोजतानासुद्धा पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. पोटची लेकरं किती, हे कुणी बोट लावून मोजत नाही. मग हे कसं मोजणार?

दोन दिवसांनी कासीचा ताप उतरला. तिनं भाकर मागितली. आता सांगा, मी काय समजायचं होतं?

मायनं मला अंगणात धरलं. "सटवा, तुह्या कासीची आण हाय. सलोतऱ्यापाशी बोललास तं पोरगी पुन्हा तापंल. मंग माह्याकडं येऊ नको."

तिसऱ्या सालची मोजणी आली. दोनशे राहू कातरले, जुन्या खुणांशी गल्लत नको म्हणून ह्या खेपेला शेपटीचं टोक. पंधरा दिवसांनी जाळी पडली. सांगडीवरचे, म्हणजे भोपळे बांधलेल्या तराफ्यावरचे गडी, जाळं काढता काढता खुणेचा मासा गुपचूप पाण्यात सोडून राहिले होते. पाठमोरे होऊन, हात पाण्याखाली घालून. माझ्या टोपलीत खुणेचा आला तर मी पाय पुढं करून तो आडोशाला घ्यायचा आणि सरकवून द्यायचा. वामनरावांच्या डोळ्यादेखत जे टोपलीत पडले तेवढेच मोजले गेले.

तिसात एक आला. दोनशे कातरलेले, म्हणजे सहा हजार राहू.

वामनरावांचा विश्वास बसेना. पुन्हा जाळी टाकायला लावली. पुन्हा तेच. तीन दिवस खोड्याच्या लाकडावर बसून होते, जनावरं ताटकळत उभी. मग मला बोलावलं. लिंबाखाली उभं केलं, खांद्यावर हात ठेवला.

"सटवा, डोहात माझे डोळे पोचत नाहीत. तुझे पोचतात. म्हणून विचारतो. खुणेचा मासा कुणी घरी नेला का?"

"न्हाई, साहेब." हे खरं होतं.

"बाजारात विकला का?"

"न्हाई." हेही खरं होतं.

"मला न दाखवता पाण्यात गेला का?"

मला कासी दिसली, डोळे वर केलेली. आणि आता सगळंच सांगायला बसलोय तर हेही सांगतो, दुसरंही काही दिसलं. ती हळदीची ज्वारी मला वस्तीत सगळ्यांत चांगली समजली होती. पिवळे दाणे लपवले की रास मोठी वाटते, हे मला कळत होतं. आकडा मोठा झाला तर गुत्तेदार जास्त काढू देईल, आमचा हिस्सा वाढेल, असंही मनात येऊन गेलं. भीती होती आणि हावही होती. कोणती किती, ते मला आजही सांगता यायचं नाही.

"न्हाई, साहेब," मी म्हणालो.

वामनरावांचा चेहरा असा उजळला की काय सांगू! "अरे, मग वाढले की रे! दोन पावसाळे डोह राखला त्याचं हे फळ. तुमचं फळ आहे हे, सटवा." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. कागदावर लिहिलं, सहा हजारांत तिसरा हिस्सा, दोन हजार काढायला हरकत नाही. खाली सही केली.

दोन हजार. डोहात मासे होते मुळी तेवढेच.

गुत्तेदार कागद घेऊन गेला. एवढे मासे काढायला भोई पुरणार नाहीत म्हणून त्यानं खालच्या मुलखातून लांब ओढजाळ्यांचे लोक आणले. आमचा हिस्सा वगैरे काही नाही. उन्हाळा होता, डोह खाली गेलेला. ह्या काठापासून त्या काठापर्यंत जाळं लावून ओढत सुटले. वस्ती काठावर उभी राहून बघत होती. मायचं तोंड पांढरं पडलं होतं.

वामनराव गुरांच्या साथीवर बाहेरगावी गेले होते. तिसऱ्या दिवशी आले ते घाईघाईनं, आनंदात, आपले मासे बघायला. काठावर राहूंची रास पडली होती. ते उकिडवे बसले आणि सवयीनं एकेक मासा उलटायला लागले. पहिल्या पन्नासांत पाच शेपटी कातरलेले निघाले. पुढच्या पन्नासांत चार. पुढं सहा. दर खेपेला चिंचोके सरकत होते, आणि हात हळूहळू होत गेला. मग थांबलाच.

दहात एक. म्हणजे दोन हजार. सहा नव्हेत.

त्यांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं.

ते धावत गुत्तेदाराकडं गेले. "थांबवा हे. आकडा चुकलाय!" गुत्तेदार आदबीनं उठून उभा राहिला. म्हणाला, "साहेब, कागद तुमचा, सही तुमची. तुमीच म्हनले होते ना, आकडा कुनाच्या सोयीनं बदलत न्हाई?" वामनराव तहसिलीत गेले. घोडीवाले तहसीलदार बदलून गेले होते. नवे म्हणाले, अर्ज द्या, चौकशी करू. चौकशी झाली नाही. आठ दिवसांत डोह रिकामा झाला. खालचे लोक जाळी धुऊन, वाळवून, घडी घालून निघून गेले.

वस्ती दवाखान्यावर गेली. माय पुढं. ती आल्या आल्या सुरू झाली, आणि पहिल्यांदाच त्यांना एकेरीत बोलली. "गुत्तेदाराच्या पंक्तीला बसलास ना? आमच्या घरात च्या प्यालास, आमची ज्वारी हातात घेतलीस, आन् आमच्या लेकरांच्या तोंडचा घास काढून त्याला देलास! तुहं वाटोळं व्हईल सलोतऱ्या!" आणि त्यांच्या पायापाशी थुंकली. तिच्यामागं एकेक करून सगळे थुंकले.

वामनराव खोड्यात उभ्या असलेल्या एका गाईच्या मानेवर हात ठेवून उभे होते. मी सगळ्यांच्या मागं, लिंबापाशी, कासीला कडेवर घेऊन. त्यांनी सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडं पाहिलं. त्यांनी एवढंच म्हणायचं होतं, ह्या सटवाला विचारा. एक वाक्य. मी वाट पाहिली. ते वाट पाहत होते, मी बोलेन म्हणून.

मग ते म्हणाले, "गोदामाय, आकडा माझाच होता."

त्या सालानंतर वस्ती फुटली. कुणी रुळाच्या कामाला गेलं, कुणी हैद्राबादेला. राहिलो आमी सात घरं. वामनरावांची वर्षभरात बदली झाली. जाताना त्यांना पोचवायला कुणी गेलं नाही. मीही गेलो नाही.

मग आठ-एक वर्षं गेली. निजामाचं राज्य गेलं, नवा झेंडा आला, आणि त्याच हिवाळ्यात मी हिंगोलीच्या गुरांच्या बाजारात गेलो होतो. गर्दीत एका बाजूला जनावरं तपासून दाखले देत होते. तोच लांब कोट दिसला. केस पांढरे झाले होते. एका गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात बघत होते. मी जवळ गेलो. कोटाचे खिसे चपटे होते. खुळखुळ नाही.

"साहेब, मी सटवा. भोयाचा."

"ओळखलं," ते म्हणाले. हात गोऱ्ह्याच्या तोंडातच.

मी सगळं सांगितलं. कासीचा ताप, पोळ, आसरा, आण. हावेचंही सांगितलं. मागं लोक खोळंबले होते, मला त्याचं भान नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, "गुत्तेदारानं तुला फोडलं नव्हतं?"

"न्हाई साहेब, कासीची आण! न्हाई."

"मी आठ वर्षं तेच धरून होतो." मग विचारलं, "पोरगी कशी आहे?"

"बरी हाय. सासरी हाय. नांदून राहिली."

"मला सांगायचंस, सटवा. मी काय तुझ्या पोरीवरून मोजणी ओवाळून टाकली नसती? खूण सोडून दुसरी काही रीत काढली असती." त्यांचा आवाज चढला नाही. "मी तुझ्या घरी चहा पीत होतो रे. तुला एवढंही वाटलं नाही?"

काहीतरी बोलायला पाहिजे म्हणून मी म्हणालो, "आमी लई सोडले, साहेब. खुणेचे. लई."

आणि थांबलो. पुढचा प्रश्न मला ठाऊक होता. सगळी वर्षं मी त्याचं उत्तर तयार ठेवलं होतं, की मोजले न्हाईत साहेब, आसरांचं मोजत नसतात. त्यांनी विचारलं असतं तर मी तिथंच पाय धरणार होतो.

वामनरावांनी गोऱ्ह्याच्या तोंडातून बोटं काढली, कोटाला पुसली. मालकाला म्हणाले, "दोन दाती आहे." मग माझ्यामागं उभ्या असलेल्या माणसाला हात केला.

"चल, पुढं आण."

मी बाजूला सरकलो. त्या माणसानं आपली गाय पुढं घेतली.